बिघे-पांड, एकर-गुंठे-आणे आणि हेक्टर-आर: एकाच जमिनीचे चार आकडे, खरा कोणता?

रानवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सर्व्हे नंबरची कागदपत्रं जुळवतोय. वाटपाची मोजणी लावायची आहे, त्याआधी क्षेत्र चौरस मीटरमध्ये पक्कं करायचंय. हातात असलेले कागद असे:

१) मोडीतल्या जुन्या कागदाचं लिप्यंतर. त्यात या जमिनीचं क्षेत्र "बिघे ६ पांड १३".
२) एकराच्या काळातला ७/१२. स.नं. ४७, क्षेत्र "४-२७॥", पैकी पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) "०-६".
३) वाटणीपत्र. तिघा भावांना प्रत्येकी "५ आणे ४ पै".
४) आजचे उतारे: ४७/१, ४७/२, ४७/३, प्रत्येकी ०.६३.०० हे.आर. (हेक्टर, आर, चौ.मी. या क्रमाने).
५) आकारबंद (भूमी अभिलेखचं क्षेत्र आणि सारा यांचं पत्रक): स.नं. ४७ एकूण १.९०.००.

मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये ६.६५ बिघे टाकले तर १.६८ हेक्टर येतात. ४.२७८ एकर टाकले तर १.७३ येतात. तीन उताऱ्यांची बेरीज १.८९, आणि आकारबंद १.९०. घरात एकाचं म्हणणं एक आर कुणीतरी खाल्लं, दुसऱ्याचं म्हणणं पंधरा-वीस गुंठे गायब आहेत. नेमकं कोणतं धरायचं, आणि रूपांतर पायरीपायरीने कसं करायचं?

---

शंकूसाखळी

रानवाट, आधी एकर-गुंठे-आणे घेऊ. तिथं काहीच अंदाजाचं नाही, सगळं नेमकं निघतं.

मुंबई इलाख्याची जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने झाली. साखळीचे १६ भाग, प्रत्येक भाग म्हणजे लांबीचा एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा. त्या गुंठ्याच्या एका बाजूने एक आणा रुंदीची पट्टी कापली की ती क्षेत्राचा एक आणा. म्हणून गुंठ्याचे आणे १६ आणि एकराचे गुंठे ४०. एवढं डोळ्यासमोर असलं की खालचे आकडे पाठ करावे लागत नाहीत, काढता येतात:

१ साखळी = ३३ फूट = १०.०५८४ मीटर
१ गुंठा = १०८९ चौ.फू. = १२१ चौ. वार = १०१.१७१४ चौ.मी.
१ आणा = ६८.०६२५ चौ.फू. = ६.३२३२ चौ.मी.
१ एकर = ४३,५६० चौ.फू. = ४०४६.८५६४ चौ.मी.
१ आर = १०० चौ.मी. = ०.९८८४ गुंठा
१ हेक्टर = ९८.८४२ गुंठे, म्हणजे २ एकर १८ गुंठे साडेतेरा आणे

तुमचा आकडा "४-२७॥". गुंठ्यापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, अर्थात ८ आणे. आता:

पहिली पायरी, सगळ्याचे गुंठे करा. ४ × ४० = १६०, अधिक २७, अधिक ८ ÷ १६ = ०.५. एकूण १८७.५ गुंठे.
दुसरी पायरी, एकदाच गुणा. १८७.५ × १०१.१७१४१ = १८,९६९.६४ चौ.मी.
तिसरी पायरी, उताऱ्याच्या रीतीने मांडा. १ हेक्टर ८९ आर ७० चौ.मी., म्हणजे १.८९.७०.

गुणाकार शेवटी आणि एकदाच करायचा. एकराचे वेगळे, गुंठ्यांचे वेगळे, आण्यांचे वेगळे चौ.मी. काढून प्रत्येक ठिकाणी दशांश छाटत गेलात तर शेवटी आकडा हलतो. एक्सेलमध्ये एकर, गुंठे, आणे तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि चौथ्यात सूत्र द्या: (एकर × ४० + गुंठे + आणे ÷ १६) × १०१.१७१४१.

तुमच्या १.७३ चं कारण सरळ आहे. ४-२७-८ हा तीन घरांचा आकडा आहे, तो तुम्ही दशांश अपूर्णांक म्हणून ४.२७८ टाकलात. चाळीसाच्या हिशोबातले २७ गुंठे म्हणजे ०.६७५ एकर, ०.२७ नव्हे. खरा दशांश आकडा ४.६८७५ एकर. या एका चुकीने १,६५७ चौ.मी. म्हणजे साडेसोळा गुंठ्यांच्या आसपास जमीन कागदावरून उडते. "पंधरा-वीस गुंठे गायब" हे बहुधा तिथूनच आलं असणार.

पोटखराबा ०-६ म्हणजे ६०७.०३ चौ.मी., ०.०६.०७. लागवडीलायक उरतं १८१.५ गुंठे = १.८३.६३. बेरीज परत १.८९.७० येते का पाहा. येते. ही पडताळणी प्रत्येक नंबराला करावी, कारण कित्येक जुन्या उताऱ्यांत एकूण क्षेत्र आणि लागवडीचं क्षेत्र यांची अदलाबदल झालेली असते, आणि मग खराबा दोनदा वजा होतो.

---

बांधकरी

शंकूसाखळींच्या उत्तराला पुढं जोडतो. आता १.८९, १.८९.७० आणि १.९० हे तीन आकडे राहिले.

तुमच्या आकारबंदावरचा आणि उताऱ्यांवरचा प्रत्येक आकडा ".००" ने संपतोय, म्हणजे तो पूर्ण आरला आणलेला आहे. दशमान पद्धतीत नोंदी बदलताना असं सर्रास झालंय. १८,९६९.६४ ला जवळचा पूर्ण आर १.९०. इथं ३०.३६ चौ.मी. वाढले. एक तृतीयांश म्हणजे ६२.५ गुंठे = ६,३२३.२१ चौ.मी., जवळचा पूर्ण आर ०.६३. इथं प्रत्येक हिश्श्यात २३.२१ चौ.मी. कमी झाले, तिघांचे मिळून ६९.६४. वाढलेले ३०.३६ आणि घटलेले ६९.६४ मिळवा, बरोबर १०० चौ.मी. येतात. तुमचा "खाल्लेला" एक आर हाच. कुणाच्या बांधाचा याच्याशी काही संबंध नाही.

कोणत्याही नंबराला लावता येईल अशी कसोटी: पूर्ण आरला आणताना एका आकड्यात जास्तीत जास्त अर्धा आर, म्हणजे ५० चौ.मी. इकडचं तिकडं होतं. तीन हिस्से आणि एक एकूण असे चार आकडे असतील तर जास्तीत जास्त २०० चौ.मी. पर्यंतचा फरक पूर्णांकाचा असू शकतो. त्याच्या आत असेल तर आधी हा हिशोब तपासा. त्याच्या वर गेला तर पूर्णांकाने भागत नाही, तिथं नक्कल करतानाची चूक, सुटलेला फेरफार, रस्त्याचं किंवा कालव्याचं भूसंपादन असं काहीतरी आहे.

आणि कृपा करून उलटं रूपांतर करून भांडू नका. आजच्या १.९०.०० चे गुंठे काढले तर १८७.८० येतात, म्हणजे ४ एकर २७ गुंठे १३ आणे. मूळ कागदावर ८ आणे होते. हे वरचे ५ आणे जमिनीतून उगवलेले नाहीत, पूर्णांकातून आलेत. तसंच ०.६३.०० चे गुंठे होतात ६२.२७, म्हणजे १ एकर २२ गुंठे ४ आणे आणि वर थोडं. मूळ हिस्सा १-२२-८ चा. जुना कागद हाती असेल तर नेहमी जुन्याकडून नव्याकडे या.

दोन घरगुती सवयींचा उल्लेख करायलाच हवा, कारण व्यवहार त्यावरच होतात. एक, "गुंठा म्हणजेच आर". दोन-चार गुंठ्यांत चालून जातं, पण तुमच्या १८७.५ गुंठ्यांना १८७.५ आर धरलं तर २१९ चौ.मी. कमी पडतात, म्हणजे दोन गुंठ्यांहून जास्त. दोन, "हेक्टर म्हणजे अडीच एकर". यात दर हेक्टरी १.१६ गुंठा जास्त धरला जातो. गुंठ्यावर दर ठरवून हेक्टरमधल्या उताऱ्याची जमीन विकत घेणाऱ्याने हे आधी सोडवून घ्यावं. पाच हेक्टरांत जवळजवळ सहा गुंठ्यांचे पैसे जादा जातात.

---

रानवाट

दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे १.७३ बाद, आणि १.८९ व १.९० चा उलगडा झाला. आता वाटणीपत्रातले "५ आणे ४ पै" म्हणजे किती चौ.मी.? ५ आणे × ६.३२ केले तर जेमतेम ३२ चौ.मी. होतात, ते तर शक्यच नाही. आणि बिघ्यांचं काय करायचं?

---

मोडीवाचक

५ आणे ४ पै हे क्षेत्र नाहीच, तो हिस्सा आहे. अख्खी मालकी सोळा आणे, आण्याचे पै बारा. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, सोळा आण्यांचे १९२ पै. ६४ भागिले १९२, बरोबर एक तृतीयांश. १८७.५ गुंठ्यांचा तिसरा भाग ६२.५ गुंठे, तुमच्या उताऱ्यांशी जुळतोच आहे.

एकाच उताऱ्यावर आणे तीन जागी येतात. क्षेत्राच्या रकान्यात गुंठ्याचा सोळावा भाग, आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) रकान्यात रुपयाचा सोळावा भाग, आणि नावापुढं किंवा वाटणीपत्रात हिस्सा. पै दिसला की तो क्षेत्राचा आणा नाही असं समजायला हरकत नाही. तो एकतर पैसा आहे किंवा हिस्सा.

रेघांचंही सांगून ठेवतो. एक उभी रेघ पाव (४ आणे), दोन अर्धा (८ आणे), तीन पाऊण (१२ आणे). "२७।" ची नक्कल उतरवताना "२७१" आणि "२७॥" ची "२७११" झालेली सापडते. गुंठ्याच्या जागी ३९ पेक्षा मोठा आकडा दिसला की मूळ कागद मागवा आणि ती रेघ आहे की एकचा आकडा ते भिंगाखाली बघा. एकचं डोकं वळलेलं असतं, रेघेचं नसतं. शिवाय रेघ साधारण आकड्यांपेक्षा लांब ओढलेली असते.

आता बिघा. कॅल्क्युलेटरने जो बिघा वापरला तो उत्तर हिंदुस्थानातला पक्का बिघा, ३०२५ चौ. वारांचा, म्हणजे २५२९ चौ.मी. बंगालचा बिघा १६०० चौ. वार, सौराष्ट्रात सोळा गुंठ्यांचा विघा चालतो. यांपैकी एकही तुमच्या कामाचा नाही. आपल्याकडचं कोष्टक असं:

५ हात ५ मुठी = १ काठी
२० चौरस काठ्या = १ पांड
२० पांड = १ बिघा (म्हणजे वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद)
१२० बिघे = १ चाहूर, काही कागदांत "चावर"

शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या पाहणीत हीच काठी होती. हात चौदा तसूंचा (तसू हे लांबीचं जुनं माप) आणि काठी ८२ तसूंची असं तिचं माप सांगतात. कोष्टक पक्कं आहे. पक्का नाही तो हात. हाताची लांबी मीटरमध्ये आधी ठरवल्याशिवाय बिघ्याचे चौ.मी. निघत नाहीत, आणि लांबीतली चूक क्षेत्रात दुप्पट होते. हात अर्ध्या इंचाने लांब धरला तर बिघा साडेपाच टक्क्यांनी वाढतो.

म्हणून तयार गुणक शोधण्याऐवजी गुणक तुमच्याच जमिनीतून काढा. तुमच्याकडं एकाच जमिनीचे बिघेही आहेत आणि एकरही आहेत, यापेक्षा चांगला पुरावा मिळत नाही.

६ बिघे १३ पांड = ६.६५ बिघे.
१८७.५ गुंठे ÷ ६.६५ = २८.१९५ गुंठे दर बिघ्याला.
२८.१९५ × १०८९ = ३०,७०४ चौ.फू. हा बिघा. भागिले ४०० = ७६.७६ चौ.फू. ही चौरस काठी.
वर्गमूळ ८.७६१ फूट, म्हणजे १०५.१ इंच काठी.

सहा मुठींचा हात धरला तर ५ हात ५ मुठी म्हणजे ३५ मुठी. १०५.१ ÷ ३५ = ३.००४ इंच मूठ, आणि हात १८.०२ इंच. ८२ तसूंच्या मापाने काढलं तर हात १७.९५ इंच. दोन्ही वाटांनी अठरा इंचांवर येतोय. म्हणजे तुमच्या गावची काठी अठरा इंची हाताची, पावणेनऊ फुटी. त्या मापाने:

१ चौरस काठी = ७६.५६ चौ.फू. = ७.११ चौ.मी.
१ पांड = १४२.२६ चौ.मी.
१ बिघा = २८४५.१६ चौ.मी. = २८.१२ गुंठे
१ चाहूर = ३४.१४ हेक्टर

६.६५ बिघ्यांचे होतात १८७.०१ गुंठे. एकराच्या नोंदीपेक्षा अर्धा गुंठा कमी. पांडच मुळात १.४ गुंठ्यांचं, तेव्हा पांडापर्यंत लिहिलेल्या कागदात अर्ध्या गुंठ्याचा फरक म्हणजे नोंद उत्तम जुळली.

एवढ्यावर सगळ्या गावाला हा गुणक लावू नका. आणखी दोन-तीन नंबरांचे बिघे आणि एकर मिळवून भागाकार करून पाहा. सगळीकडं २८ च्या आसपास आला तर काठीने मोजलेलं गाव. एका नंबराला २२, दुसऱ्याला ३५ असं निघालं तर ते बिघे नजरपाहणीचे किंवा जमिनीचा मगदूर बघून कमीजास्त धरलेले. हलक्या माळरानाचा बिघा काळ्या रानाच्या बिघ्यापेक्षा मोठा धरल्याची उदाहरणं आहेत. अशा बिघ्यांचे चौ.मी. करण्यात अर्थ नाही. तो सारा ठरवण्याचा आकडा आहे, जमिनीच्या लांबीरुंदीचा नाही.

---

आकडेमोड

मोडीवाचक, एक निरीक्षण. काठी साडेपाच हातांची धरली, तीही काही ठिकाणी चालायची, तर ती सव्वाआठ फूट होते. तिचा वर्ग ६८.०६२५ चौ.फू., म्हणजे बरोबर गुंठ्याचा एक आणा! आणि ४०० चौरस काठ्यांचा बिघा बरोबर २५ गुंठ्यांचा, उत्तरेकडच्या पक्क्या बिघ्याइतका. त्यामुळं साडेपाच हाती काठीचं गाव असेल तर कॅल्क्युलेटरचं उत्तर योगायोगाने जुळतं, आणि लोकांचा त्यावर विश्वास बसतो. शेजारच्या पाच हात पाच मुठींच्या गावात तोच गुणक अकरा टक्के कमी देतो. रानवाट यांचे १.६८ असेच आलेत.

---

वैनगंगाकाठ

पूर्व विदर्भातले वाचकही इथं असतील, त्यांच्यासाठी जोडतो. वरचं गुंठ्यांचं गणित नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडच्या जुन्या कागदांना डोळे मिटून लावू नका. मध्य प्रांताच्या नोंदीत एकराचे शंभर भाग, ज्याला आपण डिसमिल म्हणतो. १ डिसमिल = ४३५.६ चौ.फू. = ४०.४७ चौ.मी.

कागदावर "२.३५" आहे. डिसमिल असेल तर २.३५ × ०.४०४६८६ = ०.९५१० हेक्टर, म्हणजे ९४ गुंठे. गुंठे समजून वाचलं तर २ एकर ३५ गुंठे = ११५ गुंठे = १.१६३५ हेक्टर. एकवीस गुंठ्यांचा फरक, दोन्ही उत्तरं दिसायला सरळ.

ओळखायचं कसं? एकट्या नंबरावरून ठरवू नका, त्या गावच्या जुन्या नोंदींचं अख्खं पान बघा. दुसऱ्या घरात कुठंही ४० किंवा त्याहून मोठा आकडा (३.७२, १.८५) दिसला की ते डिसमिल. पानभर एकही आकडा ३९ च्या वर जात नसेल तर गुंठे. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीची मोजणी झाली, तिथं गुंठेच सापडतात, त्यामुळं एकाच घराण्याची जमीन अमरावतीकडं आणि नागपूरकडं असेल तर दोन वेगळे तक्ते करा.

---

रानवाट

मोडीवाचक, भागाकार करून पाहिला. शेजारच्या दोन नंबरांना २७.९ आणि २८.४ आले, म्हणजे काठीने मोजलेलंच दिसतंय. आता टिपणाची (जुन्या मोजणीच्या कच्च्या नकाशाची) नक्कल मिळाली आहे. त्यात रेषांवर "१२-४", "५-८" असे आकडे आहेत. हे गुंठे-आणे आहेत का?

---

शंकूसाखळी

नाही. टिपणावर रेषेच्या कडेला लिहिलेलं ते लांबीचं माप, साखळी आणि आणे. १२-४ म्हणजे १२ साखळ्या ४ आणे = १२.२५ साखळ्या = १२३.२२ मीटर. लांबीचा आणा २.०६२५ फूट, म्हणजे ०.६२८६५ मीटर.

टिपण वाचायची रीत: शेताच्या आरपार एक आधाररेघ धरलेली असते, तिच्यावर ठरावीक अंतरावर शंकूने (काटकोन पाहायच्या साधनाने) काटकोन घेऊन बांधाच्या कोपऱ्यापर्यंत लंब मोजलेले असतात. त्यामुळं शेताचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात. त्रिकोणाचं क्षेत्र पाया गुणिले लंब भागिले दोन, समलंब चौकोनाचं दोन लंबांची बेरीज गुणिले मधलं अंतर भागिले दोन.

इथं जुन्या पद्धतीची खरी सोय दिसते. साखळीत मोजलेल्या लांब्यांचा गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यात येतं, कारण चौरस साखळी म्हणजेच गुंठा. तुमच्या आकड्यांचा त्रिकोण असेल तर १२.२५ × ५.५ ÷ २ = ३३.६८७५ गुंठे, म्हणजे ३३ गुंठे ११ आणे. चौ.मी. हवे असतील तर शेवटी गुणा: ३,४०८.२१. आधी मीटर करून गुणलं तरी हेच येतं, फक्त दशांश जास्त लागतात. मीटर दोन दशांशांवर तोडलेत तर उत्तर थोडं हलतं.

सगळे तुकडे काढून बेरीज करा आणि गुणाकार बुकाची (मोजणीच्या वेळी क्षेत्राची आकडेमोड केलेल्या वहीची) नक्कल मिळाली तर तिच्याशी ताडून पाहा. बेरीज १८७.५ च्या आजूबाजूला आली तर कागद एकमेकांना धरून आहेत. एखादा तुकडा चुकला असेल तर बहुतेक वेळा १२-४ ला १२.४ धरलेलं असतं: ४ आणे म्हणजे पाव साखळी, ०.२५. ०.४ धरलं तर त्या रेषेत दीड मीटर जादा येतो.

---

बांधकरी

आता कोणाकडं जायचं ते. दोन दारं वेगळी आहेत, चुकीच्या दारात अर्ज दिला की वर्ष जातं.

आकारबंद, टिपण, गुणाकार बुक, फाळणी (पोटहिस्स्यांच्या मोजणीचा नकाशा) हे भूमी अभिलेखचे कागद, तालुक्याच्या उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात नकला मिळतात. ७/१२ आणि फेरफार तलाठी-तहसीलकडं. आकारबंद बरोबर असून ७/१२ वर नक्कल करताना आकडा चुकला असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५५, अर्ज तहसीलदारांकडं. मोजणीत किंवा क्षेत्राच्या गणितातच चूक असेल, म्हणजे आकारबंदच चुकीचा असेल, तर कलम १०६, आणि ते काम भूमी अभिलेखचं.

तुमच्या बाबतीत मात्र मी यांतलं एकही पहिलं पाऊल म्हणून सुचवणार नाही. आकारबंदात अजून ४७ हा एकच नंबर आहे, हिस्से फक्त ७/१२ वर फेरफाराने पडलेत. तिघांच्या सहीने पोटहिस्सा मोजणीचा अर्ज द्या. मोजणी होऊन आकारफोड (हिस्सावार क्षेत्र आणि आकार वेगळा पाडणं) झाली की आकारबंदात ४७/१, ४७/२, ४७/३ स्वतंत्र येतील, चौ.मी. पर्यंत क्षेत्र पडेल आणि हा एक आर आपोआप मिटेल.

अर्जासोबत एक पानी तक्ता जोडा. त्यात जुना आकडा अक्षरी (चार एकर सत्तावीस गुंठे आठ आणे), गुंठ्यात १८७.५, चौ.मी. मध्ये १८,९६९.६४, पूर्ण आरला १.९०.००, आणि फरक ३०.३६ चौ.मी. प्रत्येक हिश्श्यालाही तशीच ओळ. बिघ्यांचा हिशोब तक्त्यात घालू नका. तो जमिनीची ओळख पटवायला उपयोगी आहे, क्षेत्र ठरवायला नाही.

---

रानवाट

शेवटची शंका. तोपर्यंत आपसातल्या करारात प्रत्येकी किती लिहू? ०.६३.२३ की ०.६३.३३?

---

बांधकरी

आज नोंदीला आधार आकारबंदाचा, म्हणजे एकूण १.९०.०० धरा. १९,००० भागिले ३ = ६,३३३.३३. दोघांना ०.६३.३३ आणि एकाला ०.६३.३४, म्हणजे बेरीज पुरी होते. तो वरचा एक चौ.मी. कोणाला ते नाव घालून लिहा. आणि त्याच कलमात लिहा की प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश असून मोजणीत क्षेत्र कमी किंवा जास्त भरल्यास ते तिघांत सारखं वाटलं जाईल. प्रत्यक्ष मोजणीत क्षेत्र १.८९.७० च्या जवळ भरलं तर प्रत्येकाचं दहा चौ.मी. कमी दिसेल, तेव्हा या ओळीवरच सगळं निभावेल. पोटखराब्याचे ६०७ चौ.मी. कोणाच्या तुकड्यात पडतात तेही नकाशावर दाखवून ठेवा, कारण ओढ्याकडचा हिस्सा घेणाऱ्याला लागवडीची जमीन तेवढी कमी मिळते.